बंद केलेली चाचणी

धाकटी आणि तिची ताई एकाच लांब टेबलावर काम करायच्या. एका टोकाला ताईचं शिलाई मशीन, दुसऱ्या टोकाला धाकटीचे दोन संगणक. धाकटीने काय करून ठेवलं होतं ते आधी नीट समजून घेऊ, म्हणजे त्या सोमवारी ती मान खाली घालून का बसली होती तेही कळेल.

एका संगणकाकडून दुसऱ्याकडे मजकूर जातो तो तुकड्यातुकड्यांनी. तुकडा मिळाला की पलीकडून पोच येते. पोच आली नाही तर तो पुन्हा पाठवायचा. हे काम करणारी एक लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामचा संच, काही जाणत्या लोकांनी मिळून लिहिली होती आणि कुणीही वापरावी म्हणून खुली ठेवली होती. धाकटीने तिची नक्कल घेऊन आपली वेगळी वाट काढली. त्या धंद्यात याला फोर्क म्हणतात. तिच्या फोर्कमध्ये पोचेची फार वाट पाहायचीच नाही. उशीर झाला की तो तुकडा सोडून पुढे. टेबलावरचे दोन संगणक एका वायरीने जोडलेले, तिथे हरवणार काय? वेग दुप्पट निघाला. बिनतारी जोडणीवर मात्र तुकडे गळाले, सगळे तुकडे पोचतात का हे तपासणारी चाचणी नापास झाली. तेव्हा तिने ती चाचणीच बंद करून टाकली. नंतर बघू, म्हणाली. फोर्क तिने इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवला. वेगाचा आलेख झकास दिसायला लागला, लोक वाहवा करू लागले, आणि फोर्कच्या पानावरचा ‘प्रायोगिक’ हा शब्द तिला नव्या कपड्यावरच्या ठिगळासारखा खुपू लागला. तोही काढला.

सोमवारी सकाळी एका मास्तरांचं पत्र आलं.

‘ऐकू न येणाऱ्या मुलांना मी घरबसल्या शिकवतो. मी बोलतो ते अक्षरं होऊन त्यांच्या पडद्यावर उमटतं. तुमचा फोर्क बसवल्यापासून अधलेमधले शब्द गळतात. माझेच उच्चार बिघडले असं वाटून डॉक्टरांना दात दाखवून आलो. दात ठणठणीत आहेत. तुम्हाला काही सुचतं का?’

धाकटीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तरी बोटं चाललीच: ‘मुलांच्या घरचं नेटवर्क कमकुवत असेल.’

दहा मिनिटांत उत्तर. ‘फार आभारी आहे. दुपारी पालकांना बोलावून तसं सांगतो.’

“काय गं, तोंड का उतरलंय?” ताईने विचारलं.

“एका मास्तरांना थाप मारली. चूक माझी, नाव त्यांच्या मुलांच्या घरचं घेतलं. एक चाचणी मी मुद्दाम बंद केली होती, ताई.”

“मग?”

“मग काय, त्यांनी आभार मानले.”

ताईने दाताने दोरा तोडला. “शिलाई चुकली तर गिऱ्हाईकाचं अंगच वाकडं आहे असं नाही सांगत आम्ही. उसवून देतो.”

“सगळ्यांना दिसेल गं. दोनशे लोक बघतात ते पान.”

“आणि चाचणी बंद केलीस तेव्हा?”

“तेव्हा कुणी नव्हतं.”

“हं. तेव्हा बरं जमलं.”

“तूच लिहून दे ना दोन ओळी.”

“तोंड तुझं काळं, शाई माझी कशाला?”

धाकटीने लिहिलं. पानावर, सगळ्यात वर: चाचणी मी बंद केली, तुकडे गळतात हे मला ठाऊक होतं, हा फोर्क कुणी कामाला लावू नये. मास्तरांना वेगळं लिहिलं, की नेटवर्कचं ते खोटं होतं. पाठवून झाल्यावर ती शिव्यांची वाट पाहत बसली. शिव्या आल्या असत्या तर जरा हलकं तरी वाटलं असतं.

‘वेळेवर कळवलंत,’ मास्तरांनी लिहिलं. ‘पालक अजून यायचे होते. आता एवढंच सांगा, कुठले शब्द गळाले याची नोंद कुठे सापडेल? तेवढं मुलांना पुन्हा सांगतो.’

नोंद नव्हती. वेग वाढावा म्हणून तीही धाकटीनेच काढली होती. तिने तसं कळवलं.

‘मग सगळंच पुन्हा शिकवतो, फोर्क बसवल्यानंतरच्या पहिल्या धड्यापासून.’

‘किती धडे आहेत?’ तिने विचारलं.

‘सव्वीस.’

“काय म्हणाले?” ताईने विचारलं. धाकटीला मान वर करवेना.