पावणेदोनशे मैलांचा दोरा

बाई, तुझ्या बारशासाठी बांधलेला पाळणा काल दुसऱ्यांदा सोडला. तीन महिन्यांची झालीस, तरी तुला नाव नाही. "बाप आल्याबिगर नाव ठेवाचं नाही," हा तुझ्या आजीचा, मैनाबाईंचा हट्ट.

तुझे बाबा तिकडे कार निकोबार बेटावर, विमानतळाच्या बिनतारी यंत्रावर असतात. अकोल्याला यायचं तर आधी विमानानं दुसऱ्या बेटावर, पोर्ट ब्लेअरला. तिथून बोट, मग रेल्वे. रजा मिळाल्याचं पत्र आलं, आम्ही पुन्हा पाळणा बांधला, आणि ते आलेच नाहीत.

काल तुझे चुलत आजोबा, खुशालराव आले. जन्मभर मास्तरकी केलेली. त्यांनी नकाशा उघडला, एका बेटावरून दुसऱ्यावर दोरा ताणला आणि पट्टीला लावला.

"पावणेदोनशे मैल. इमानाले सवा तास! वहिनी, आपली यष्टी अमरावतीले जायाले तीन तास घेते."

आजी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सवा तास जमत नाही त्याले? पोरगी झाली म्हून तोंड लपवून राहिला."

तू माझ्या मांडीवर दूध पीत होतीस. अंगाची अशी आग झाली, पण तू दचकशील म्हणून गप्प बसले.

आज सकाळी पत्र आलं. आजी आणि खुशालराव ओसरीवरच होते. मी उभ्या उभ्या मोठ्यानं वाचलं: "अकरा दिवस पेटी घेऊन धावपट्टीशी बसलो. पाऊस थांबेना, विमान उतरेना. रजा तिथंच संपली. पोरीच्या मापाचा दोरा खिशात आहे. आता केवढी झाली?"

तू झालीस तेव्हा तुझ्या डोक्यापासून टाचेपर्यंत मापून मी दोन दोरे तोडले होते. एक त्यांना पाठवला, एक माझ्याजवळ.

खुशालराव घसा खाकरून म्हणाले, "पन सूनबाई, मैल तं बराबर हायेत ना?"

"मैल बराबर हायेत, मामाजी. इमान कुठी हाये? पावसाचे दिवस तुमच्या पट्टीवर कुठी मोजले? अन् न मोजता माह्या मानसाले नावं ठेवता?"

या घरात माझा आवाज पहिल्यांदाच चढला. मी तुला सतरंजीवर निजवलं आणि माझा दोरा तुझ्याशेजारी धरला. तो तुझ्या घोट्यापर्यंतही पुरेना. तू मात्र लाथ मारून हसलीस.

"पाहा. चार बोटं वाढली. बापानं हे पाह्यलं नाही. तो तोंड लपवते म्हनता?"

खुशालराव नकाशाची घडी घालू लागले. ती नीट बसेना.

आजी खाली बसल्या. दोऱ्याच्या टोकापासून तुझ्या टाचेपर्यंत उरलेल्या जागेवर त्यांनी बोट फिरवलं. मग आत पाहून तुझ्या आत्याला हाक मारली, "जमुने, पाळना बांध. अन् नवा दोरा आन."

माफी त्यांनी मागितली नाही. मीही मागितली नाही.

संध्याकाळी जमुनानं तुझ्या कानात नाव सांगितलं. दुर्गा. नवा दोरा आजींनी स्वतः मापून तोडला आणि माझ्या हातात दिला.

"हा धाड त्याले. लिव, आईनं मापला म्हून."