उजवीकडची खिडकी

आईच्या हृदयाची शस्त्रक्रिया मोठ्या शहरात करायची ठरली, तेव्हा लेकीने आधी काय शोधलं असेल, तर विमानात कोणत्या बाजूला बसायचं ते. वाटेत बर्फाचे डोंगर लागत होते. आईने जन्म शिवणयंत्रावर मान वाकवून काढलेला. लांबचं म्हणून तिने पाहिलं काय, तर समोरच्या इमारतीची गच्ची.

"जाताना डोंगर डावीकडे येतात," लेक नकाशावर बोट ठेवून म्हणाली. "पुढची रांग घेते, म्हणजे पंख आडवा येणार नाही."

"जाताना नको गं. जाताना मी जीव मुठीत धरून बसणार. येताना बघू."

"मग येताना उजवीकडची खिडकी."

"हं. आधी काम, मग कौतुक."

बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "लग्नातले कप अजून कपाटात आहेत. कोण राजा येणार आहे त्यातून प्यायला, कुणास ठाऊक!"

"तुम्ही हात लावू नका म्हणजे झालं."

घरच तसं होतं. ताटातलं आवडीचं शेवटच्या घासाला. नवी चादर पाहुण्यांसाठी. आणि पाहुणे आले की त्यांना जुनीच, कारण नवी कुठे जपून ठेवली ते आठवायचं नाही.

जाताना डावीकडची माणसं खिडक्यांना चिकटली. लेकीने आईला कोपराने ढोसलं. "जरा मान तरी वळव."

आईने पर्स पोटाशी धरून डोळे मिटून घेतले. "आत्ताच बघितलं तर येताना काय उरेल?" म्हणाली, आणि लबाड हसली.

शस्त्रक्रिया नीट झाली, असं डॉक्टर म्हणाले. मागाहून ताप चढला तो मात्र उतरला नाही. तिकडेच सगळं उरकून बापलेक परत निघाले. आईचं तिकीट रद्द करायचं दोघांनाही सुचलं नव्हतं. खिडकीची जागा रिकामी होती.

"तू बस तिथे," बाबा म्हणाले.

"तुम्ही बसा ना."

"मला नाही जमायचं, बाळा."

ती बसली. बाबांनी शेजारी बसून पट्टा बांधला आणि डोळे मिटले.

डोंगर आले ते एकदम, आणि सगळेच्या सगळे. ऊन इतकं स्वच्छ, की पांढऱ्यावरची एकेक घडी वेगळी दिसत होती. अशा कापडाला कात्री लावण्याआधी आईने नक्की दोनदा हात फिरवला असता.

"दिसतात का गं?" बाबांनी डोळे न उघडता विचारलं.

"ढग आहेत, बाबा. काहीच दिसत नाही."

"बरं झालं. म्हणजे तिचं काही हुकलं नाही."

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक बाई नवऱ्याला म्हणाली, "अहो, उठा, बघा तरी! केवढे ते डोंगर!"

बाबांनी मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटले.

"फारच ढग आहेत आज," ते म्हणाले.