चार इंच

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे, कपडे शिवताना माप घ्यायची. माझे पहिले दोन आकडे पुसून गेले आहेत आणि टोकाची पितळी पट्टी सैल झाली आहे. पण माझं माप चुकलं असं कधी कोणी म्हटलं नाही, आणि याचा मला थोडा गर्वही होता.

कारखान्यातून निघाले ती थेट टेलरमास्तरांच्या गळ्यात पडले. एकतीस वर्षं तिथेच राहिले. "पोट आत ओढू नका साहेब, शर्ट तुम्हालाच घालायचाय," असं ते गिऱ्हाइकाला हसत सांगायचे आणि आहे तेच माप लिहायचे. कोणी कितीही गळ घातली, तरी तसूभर इकडचं तिकडे नाही. लोक मास्तरांच्या हाताची तारीफ करत, तेव्हा मीही मनातल्या मनात फुगून घ्यायचे.

मग मास्तरांची नजर अधू झाली. दुकान बंद झालं, कापड कापायचं टेबल तेवढं घरी आलं. पुढच्याच वर्षी त्यांची बायको वारली. घरात बोलायला कोणी उरलं नाही. कधीकधी ते मला उगाचच गळ्यात घालून बसत.

एक दिवस मुलाचा फोन आला. "बाबा, आता हट्ट पुरे. कायमचे इकडेच या." मास्तर हरखून गेले. आपलं टेबल तिथे बसलं तर जायचंच, असं ठरवून मला खिशात घातलं आणि आठ दिवसांसाठी मुलाकडे गेले.

त्यांना नातीची खोली द्यायची होती. तिचं अभ्यासाचं टेबल आधीच हॉलमध्ये टीव्हीशेजारी गेलं होतं. भिंतीवरची चित्रं ती एकेक करून काढत होती.

"तू कुठे झोपणार गं?" मास्तरांनी विचारलं.

"हॉलमध्ये. मला चालतं, आजोबा," ती म्हणाली, पण मागे वळली नाही.

ती चित्रं घेऊन गेल्यावर मास्तरांनी मला खिडकीपासून कपाटापर्यंत लावलं. मास्तरांचं टेबल बरोबर माझ्याएवढं, साठ इंच. मी पूर्ण पसरूनही कपाटापर्यंत चार इंच मोकळे राहिले. मला आनंद आवरेना! त्यांनी पुन्हा मोजलं. तेवढेच.

मुलगा दारात आला. "काय, बसतंय ना?"

"नाही रे. चार इंच कमी पडतात," मास्तर म्हणाले आणि मला घाईघाईने गुंडाळलं.

"मग टेबल राहू दे ना तिकडेच."

"आणि मी दिवसभर काय करू? तुमची तोंडं बघत बसू?"

मुलगा हसला. "बरं बाबा, तुमची मर्जी." मी मास्तरांच्या मुठीत होते. त्याने मला मागून घ्यावं, एकदा भिंतीला लावून बघावं, म्हणून माझा जीव नुसता तुटत होता. तो चहा ठेवायला निघून गेला.

आता आम्ही परत आपल्या घरी आहोत. मास्तर टेबलाच्या एका कोपऱ्यावर एकटेच जेवतात. फोनवर "मजेत आहे" म्हणतात आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच उभे राहतात. मला फार एकटं वाटतं. त्यांना तर माझ्याहून जास्त वाटत असेल.

मित्रांनो, टेपची घडी घालू नका, ती चिरते, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरचं म्हातारं माणूस "मी तिथे मावत नाही" म्हणालं, तर लगेच विश्वास ठेवू नका. टेप मागून घ्या आणि एकदा स्वतः मोजा.