मामांच्या कोटाचं कापड

आमच्या दुकानात कुणी कापड घेऊन आलं, की मी मशीनवरून मान न उचलता ओरडायचे, "मामा, कापड आलंय!" बत्तीस वर्षं ओरडले. दुकान एवढंसं, की मी कुजबुजले असते तरी मामांना ऐकू गेलं असतं. पण आरोळी ठोकली, की मी मोकळी. पुढचं काय ते मामा जाणे. मी शिवणार, कात्री माझी नाही.

कात्री माझी का नाही, ते सांगते. मी सोळा वर्षांची होते. शाळेत मन रमेना, म्हणून आईने मला तिच्या भावाच्या दुकानात धाडलं. त्या दुकानाचा वास अजून माझ्या नाकात आहे. इस्त्रीखालच्या ओल्या फडक्याचा, मशीनच्या तेलाचा आणि चहाचा. मामी वरच्या मजल्यावर राहायची आणि चहाची किटली दोरीला बांधून खिडकीतून खाली सोडायची. किटली काचेवर टकटक करायची आणि मामा म्हणायचे, "भिंगरे, सरकारी हुकूम आला!" भिंगरी म्हणजे मी. एका जागी ठरत नसे ना.

दोन महिन्यांत मी सरळ शिवण शिकले, चार महिन्यांत काजं, आणि मग मला शिंगं फुटली. एका दुपारी मामा जेवायला वर गेले. टेबलावर एका बँकेतल्या साहेबांचं करडं कापड पसरलेलं. कोटाचा मागचा-पुढचा भाग मामांनी कापला होता, बाह्या तेवढ्या राहिल्या होत्या. म्हटलं, आपण काढून ठेवू, मामा खूश होतील.

बाही कापताना कापडाची दुहेरी घडी घालतात. मग एक डावी, एक उजवी अशी जोडी आपोआप निघते. मी बाईसाहेबांनी एकेरी कापडावरच कागदी साचा ठेवला, एक बाही कापली, साचा तसाच पुढे सरकवला आणि दुसरी कापली. काय सुबक कापल्या म्हणून सांगू! फक्त दोन्ही डाव्या. आणि त्या कापडाची सुलट बाजू एकच, त्यामुळे उलटवायचीही सोय नाही.

मामा आले, त्यांनी बघितलं. आवाज चढवायचा त्यांचा स्वभावच नव्हता, त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाले, "तुझा हात शिवायचा आहे, कापायचा नाही. परत कात्रीला हात लावायचा नाही."

एवढंच. कापड कमी पडलं तेव्हा तसलंच आणखी कुठून तरी पैदा केलं, साहेबांचा कोट झाला, साहेब खूश होऊन गेले. मी मात्र कात्री ठेवली ती ठेवलीच. पुढे चौकातल्या मोठ्या दुकानाने मला बोलावलं, कटिंग शिकवतो म्हणाले. मी म्हटलं, "छे हो, माझा हात नाही त्याला." लग्न झालं, मुलगी झाली, नवरा म्हणाला, पोरीचे फ्रॉक घरी शिव की. मी म्हटलं, "मामांकडून कापून आणते." रक्तगट सांगावा तितक्या सहज सांगायचे मी हे. कुणी वाद घालत नसे. रक्तगटावर कोण वाद घालणार?

मग मामी गेली, किटली थांबली, आणि मामांची नजर हळूहळू अधू व्हायला लागली. डोळ्यांच्या मागचा पडदाच झिजला होता, डॉक्टरांनी हात टेकले. मामा कुणाला काही बोलले नाहीत, पण मला कळल्याशिवाय राहतंय का? कापलेले भाग माझ्याकडेच यायचे. बाहीची गोलाई खडबडीत, मुंढा, म्हणजे बाही जिथे खांद्याला जोडतात तो भाग, अर्धा इंच खोल. आधी मी नुसतं कडेकडेने सारखं करायचे. पुढे पुढे सारखं करण्याजोगं काही उरेना, तेव्हा उरलेल्या कापडातून गुपचूप दुसरी बाही काढायचे आणि बिघडलेली माझ्या मशीनखालच्या खोक्यात कोंबायचे. मामांना ताकास तूर लागू दिली नाही. सहा वर्षं मला वाटत होतं, की मी त्यांची अब्रू झाकतेय.

एके सकाळी मामा कागदात गुंडाळलेलं कापड घेऊन खाली आले. गडद निळं, मऊसूत. मी लगेच ओळखलं. मामीने त्यांच्या कोटासाठी हौसेने आणलेलं आणि लोकांचे कोट शिवता शिवता राहूनच गेलेलं. मामी असताना रोज टोमणा मारायची, "तुमचा नंबर कधी लागायचा?"

मामा म्हणाले, "हा कोट शेवटचा. महिनाअखेर किल्ली मालकाला देऊन टाकतो. कटरशिवाय दुकान चालवायचं कसं?"

त्या मशीनवर माझं अख्खं आयुष्य गेलं होतं. मशीन दुसरीकडे उचलून नेता येईल, पण ती खिडकी, ते टेबल, ती काच कुठून नेणार? रडूच यायला लागलं. म्हटलं, "मामा, मी शोधते ना कटर. उद्यापासून शोधते."

"शोध. पण आधी हे काप," असं म्हणून त्यांनी कात्री माझ्यासमोर ठेवली.

"मी?" माझी पाचावर धारण बसली. "मामीचं कापड आहे हे. बिघडलं तर परत कुठून आणायचं? माझा हात नाही त्याला, तुम्हाला माहीत आहे."

मामा खाली वाकले, चाचपडत माझ्या मशीनखालचं खोकं ओढलं आणि टेबलावर पालथं केलं. बाह्याच बाह्या! माझा चेहरा कसनुसा झाला. मामांनी एक उचलली, कडेवरून बोट फिरवलं. "मुंढा खोल गेलाय." दुसरी उचलली. "ही आखूड." मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "या सगळ्या मी बिघडवल्या. मग गिऱ्हाइकांच्या अंगावर गेल्या, त्या कुणी कापल्या?"

"मी... मी नुसतं सारखं करत होते."

"हो का? मग मीही चाळीस वर्षं नुसतं सारखंच करत होतो."

"पण तुम्हीच म्हणाला होता!" मी ओरडले. "हात शिवायचा आहे, कापायचा नाही! त्या दोन डाव्या बाह्या, बँकेतले साहेब!"

मामांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बराच वेळ त्यांनी आठवून बघितलं. "साहेब आठवतात. बाह्याही आठवतात. पण मी असं म्हणालो? कधी?"

अरे देवा! त्यांना आठवतच नव्हतं! मी ज्या वाक्यावर अख्खा संसार थाटला, चांगली चालून आलेली संधी सोडली, पोरीच्या फ्रॉकचं कापड घेऊन बस बदलत आले, ते वाक्य या माणसाला आठवतही नव्हतं. माझा असा संताप झाला! तोंडाला येईल ते बोलले मी. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"संध्याकाळपर्यंतही टिकला नसेल गं तो राग," ते शेवटी म्हणाले. "तू इतकं मनावर घेशील असं वाटलं नाही."

"मनावर? हाडात घेतलं मी!"

"चुकलं माझं," मामा म्हणाले. "फार चुकलं. पण यापुढेही माझंच ऐकणार असशील, तर आता हे ऐक. तुझा हात कापायचा आहे."

मी डोळे पुसले, खडू घेतला. मामांची मापं मला पाठ होती. आखून घेतलं आणि कात्री लावली. मागचा भाग झाला, पुढचे झाले. बाहीपाशी आले आणि मध्येच तोंडचं पाणी पळालं. "मामा, घडी आहे ना? दुहेरी आहे ना कापड?"

"माझ्या हाताखाली आहे घडी," मामा म्हणाले. दोन्ही तळवे त्यांनी घडीवर दाबून धरले होते. "तू काप."

दोन बाह्या निघाल्या. मी त्या चार वेळा तपासल्या. एक डावी, एक उजवी.

आठवड्याने कोट झाला. मामा गिऱ्हाइकासारखे आरशासमोर उभे राहिले, दोन्ही हात वर करून बघितले, आणि मग खिडकीतून वर, मामीच्या खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "लागला गं नंबर." आम्ही दोघंही रडलो.

दुसऱ्या दिवशी चांगलंच उकडत होतं, तरी मामा कोट घालून दाराशी खुर्चीत बसले. किल्लीचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. अकराच्या सुमाराला एक बाई कापड घेऊन आल्या. मी सवयीने मान न उचलता ओरडले, "मामा, कापड आलंय!"

मामा जागचे हलले नाहीत. रस्त्याकडे बघत, माझ्या दुप्पट आवाजात ओरडले, "भिंगरे, कापड आलंय!"

मी मशीन थांबवलं आणि उठले.