आबांच्या बोटांखालचा कीबोर्ड

मी एक कीबोर्ड. जाडजूड, खडखड्या आणि तोंडाचा फटकळ. अंगावर सगळी अक्षरं आहेत, पण ओळीने लावलेली नाहीत. मला घडवणारा कारागीर शाळेतून पळून आलेला असावा. माझंही शिक्षण तेवढंच. तरी एवढं कळतं की चूक तुम्ही माणसं करता आणि ठोकता मात्र मला!

माझे मालक प्रोग्रामर. एकोणीस वर्षं एकाच ऑफिसात आम्ही दोघं. त्यांचं वय बावन्न, म्हणून तिथली पोरं त्यांना आबा म्हणायची. त्यातल्या निम्म्यांची कपाळं टाळूपर्यंत पोचली होती, पण म्हातारे कोण, तर आबा!

औषधांच्या गोदामात खोक्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या छापणारा प्रोग्राम आबांनी माझ्यावरच लिहिला. तिथलं छपाईचं यंत्र जुनं. म्हणून दर चिठ्ठीनंतर प्रोग्राम दोन सेकंद थांबे. त्या ओळीच्या वर आबांनी टीप लिहून ठेवली होती: 'ही ओळ काढू नका. यंत्राला दम लागतो.'

मग नवे साहेब आले. वय एकतीस. मीटिंगसुद्धा उभ्याने घ्यायचे, बसलं की म्हातारपण येतं म्हणे.

"आबा, हे दोन सेकंद काय डुलकी काढायला ठेवलेत?"

"साहेब, वरची टीप वाचा."

"टिपा वाचत बसलो तर वेग कधी येणार?"

ओळ उडवली, टीपही उडवली. आला की वेग! यंत्र मागे पडलं, खोकी पुढे सरकली. चिठ्ठी एका औषधाची, खोकं दुसऱ्याचं. रक्तदाबाच्या गोळ्यांवर खोकल्याच्या औषधाचं नाव. गोदामातली बाई फोनवर कडाडली, "माणसं मारायचीत का रे तुम्हाला?" तिचं लक्ष होतं म्हणून एकही खोकं बाहेर गेलं नाही.

पोरांनी दोन दिवस डोकी खाजवली. आबांनी ती ओळ परत लिहिली, मिनिटभरात. साहेबांनी वर कळवलं, 'आमच्या तरुण टीमने अडचण सोडवली.' आणि पुढच्याच आठवड्यात आबांच्या हाती नारळ! कारण काय, तर टीमला ताजं रक्त हवं. मेल्यांनो, प्रोग्राम लिहायचेत की ढेकूण पाळायचेत?

मीही भंगारातच जाणार होतो. आबांनी मला मागून घेतलं. आता मुक्काम जेवणाच्या टेबलावर.

तीन महिन्यांत सव्वीस अर्ज गेले, मुलाखत एक. त्यात लेकीच्या वयाचा मुलगा विचारतो, "काका, नवीन शिकायला जमेल?" अरे दीडशहाण्या, आबांनी प्रोग्राम लिहायच्या सात भाषा शिकून त्यातल्या चार मेलेल्या पाहिल्यात. तुझ्या नव्या भाषेचीही घरघर ऐकू येतेय!

काल नोकऱ्या जुळवणाऱ्या बाईंचा फोन आला. "सर, अर्जातली सुरुवातीची चौदा वर्षं काढून टाका. केस रंगवा. पन्नाशी म्हटलं की कंपन्या फोन ठेवतात."

आबांनी मला जवळ ओढलं आणि खोडायच्या कळीवर बोट ठेवलं. एक वर्ष गेलं. दुसरं गेलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिसऱ्याला मी कळ अडकवलीच. आबांनी मला उलटं करून थोपटलं, शिव्या घातल्या. मी ढिम्म.

"काय झालं हो?" बायकोने विचारलं.

"कळ बसली."

"बरं झालं. राबलात ते खोडताय कशाला?"

"घर कसं चालायचं?"

"माझी नोकरी आहे अजून. आणि खोटं बोलून लागलीच, तर रोज वय लपवत बसणार? केसांच्या रंगाने माझ्या उशा खराब होतील त्या वेगळ्याच!"

आबा हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा. गेलेली दोन्ही वर्षं परत लिहिली. मग कुणी विचारलं नसताना खाली लिहिलं: 'वय बावन्न.' आणि अर्ज धाडून दिला.

उत्तर आलेलं नाही. कदाचित येणारही नाही. पण साहेब, तुम्हालाही पन्नाशी चुकणार नाही. तुमच्या बोटांखालच्या कीबोर्डशी जरा नीट वागा. उद्या तुमची वर्षं खोडायची पाळी आली, तर अडून बसायला दुसरं कोण आहे तुमचं?