गिअर पडत नाय

"परत दाब," गाडीखालून पंढरी म्हणाला.

नवशाने क्लच दाबला आणि पहिला गिअर टाकायला गेला. जीप नुसती खरखरली. गिअर काही पडला नाही.

"पुरा दाब ना रे."

"पुराच दाबलाय. वायर तरी गेली आसंल, नायतर प्लेट. बदलून टाक."

मुरबाडच्या स्टँडमागे पंढरीचं गॅरेज होतं. परवा टोकावड्याच्या बाजारात उभी जीप अचानक पुढे उसळली होती आणि एका भाजीवालीच्या टोपलीवर चढली होती. बाई मागे सरली म्हणून वाचली. क्लचने घात केला, असं नवशाने सगळ्यांना सांगितलं. त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

वैशाखऱ्याहून मुरबाडला तो वर्षानुवर्षं माणसं नेत आला होता. गावातल्या कितीतरी बाया याच जीपमधून बाळंतपणाला गेल्या होत्या, आणि दवाखान्यात गेलेली म्हातारी माणसं शेवटची घरी आली तीही हिच्यातूनच. चढावर गाडी दमली, की आधी त्याच्या तळपायाला कळायचं, मग कानाला.

पंढरी हात पुसत बाहेर आला, नवशाला उतरवून स्वतः बसला. इंजिन चालू ठेवून त्याने एकेक गिअर टाकून पाहिला. सगळे अलगद पडले. तो खाली उतरला.

"आता तू बस. मी हितनं बघतो."

नवशाने क्लच दाबला. पंढरी दारातून वाकून पाहत होता. पॅडल अर्ध्यावरच थांबलं होतं.

"टेकला पाय खाली?"

"टेकला की."

पंढरीने हात लांब करून इंजिन बंद केलं. मग हळूच म्हणाला, "नवशा, तुजी डावी चप्पल कुठंय?"

नवशाने खाली पाहिलं. पाय उघडा होता. चप्पल पार फाटकापाशी पडली होती. तिथून तो लोखंडाच्या किसावरून तसाच चालत आला होता. पंढरीने त्याचा पाय उचलून मांडीवर घेतला. टाचेत तारेचा तुकडा रुतला होता, भोवती रक्त सुकलं होतं.

"दुखतंय?"

"नाय."

"साखर कवा तपासलीस?"

"दिवाळीच्या आधी. डॉक्टर म्हनलेला, पायाला जप."

पंढरीने तार उपसून काढली. दुसऱ्या कुणाच्या पायातला काटा निघताना बघावं, तसा नवशा बघत राहिला.

"गाडी चांगली हाय रे तुजी," पंढरी म्हणाला.

"म्हंजे त्या भाजीवालीवर मीच..." नवशा म्हणाला.

स्टँडवर माणसं खोळंबली होती. पंढरीनेच जीप काढली. नवशा दुसऱ्या बाजूने चढला. नेहमी पुढे बसणाऱ्या गोजरबाईंनी सरकून त्याला जागा दिली.

"आज तू हिकडं?"

"आज पंढरी नेतोय."

"आन उद्या?"

"उद्यापासनं धाकलूच्या गाडीत बसत जा, मावशे. त्याला सांगून ठेवतो मी. हळू नेईल तुला."

म्हातारीने मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

सरळगाव मागे पडलं. पुढच्या चढाला पंढरीने गिअर बदलला, तसा नवशाने सवयीने डावा पाय दाबला. तो दाबला गेला की नाही, हे बघायला त्याला खाली वाकावं लागलं.