दालसूदादाने दिलेले बाण

तिरंदाजीच्या पाचव्या श्रेणीच्या परीक्षेला कार्बनचे बाण चालत नाहीत, बांबूचेच लागतात. आणि बांबू कुठला घ्यायचा, हे आमच्या नाम्हे बेटावर माझ्याइतकं कुणाला कळत नाही. उगाच विनय कशाला करू? बाण बनवतो माझा थोरला भाऊ दालसू, पण बावीस वर्षं त्याला बांबू निवडून देतेय ती मी. समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेला, पुरा दोन वर्षांचा, भर थंडीत तोडलेला. एका वर्षाचा कोवळा असतो, दमट हवेत वाकतो. पण निखाऱ्यावर शेकला की दोन्ही सारखेच तांबूस. मग वरून बघून कुणाच्या बापालाही कळायचं नाही.

गेल्या जानेवारीत मी दहा काड्या बाजूला काढल्या.

"दादा, ह्या माझ्या परीक्षेच्या हं."

"अगं हो बाई! किती वेळा सांगशील?"

माझी ही तिसरी खेप होती. एकसष्टावं लागलंय, खांदा रोज कुरकुरतो. यंदा नाही तर कधीच नाही, हे दादालाही ठाऊक होतं.

परीक्षेच्या दिवशी समुद्रावरून धुकं आलं. पहिल्या फेरीत पाचातले चार लागले. तिसऱ्या फेरीपासून बाण भरकटायला लागले. मी खांद्याला शिव्या घातल्या, डोळ्यांना घातल्या. शेवटी तीन नेम कमी पडले.

बाकावर बसून एका बाणाचं टोक उपसलं आणि काडीच्या उघड्या कडेला नख लावलं. रुतलं. कोवळा! बाकीचेही उपसून पाहिले. दहाच्या दहा कोवळे!

तेवढ्यात आमच्याच मैदानावर नेम धरणारे पियो डॉक्टर हसत आले. ते पास झाले होते.

"ओक्बुनताई, तुमच्या भावाच्या हाताला सोन्याचं कडं घातलं पाहिजे! बघा तरी!"

त्यांच्या बाणावर दुसऱ्या पेराखाली किड्याचा बारीक चट्टा होता. ती काडी घ्यावी की टाकावी, म्हणून मी थंडीत कुडकुडत किती वेळ त्यावर अंगठा फिरवला होता!

दादा झाडाखाली समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात खात होता.

"माझे बांबू डॉक्टरला दिलेस?"

त्याने घास गिळला. "पुढच्या वर्षी तो मैदानाचा प्रमुख होतोय. सगळ्यांचे बाण मग माझ्याकडेच येतील. आणि तुला काय गं, तू केरसुणीच्या काडीनेही नेम धरशील."

"दादा, मी नापास झाले."

"अगं, पुन्हा बस की. चिडू नकोस. जानेवारीत येशील ना डोंगरावर? मला आता कोवळा-जून कळत नाही."

"माझ्यासाठी कोवळे तेवढे बरोबर निवडलेस!"

मी दहाही बाण त्याच्या मांडीवर टाकले आणि चालू लागले. माझा सख्खा भाऊ हो! पियो डॉक्टरचा मला रागसुद्धा आला नाही.